‘द वॉकिंग डेड’ : सातव्या पर्वाच्या पहिल्याच भागाला थांबलेल्या चाहत्याने पुन्हा सुरुवात करावी का?

रातकिडा :

नमस्कार. प्रश्न एका मालिकेपुरता असला, तरी तो नीट समजावा म्हणून थोडी पूर्वपीठिका सांगतो. ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही आणि पुढे पाहायची आहे त्यांनी येथेच थांबावे, कारण खाली रसभंग अटळ आहे.

‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका आहे; तिच्यात मेलेली माणसे उठून चालू लागतात, त्यांना वॉकर म्हणतात, आणि अशा जगात तग धरणाऱ्या रिक व त्याच्या माणसांची ही कथा. तिचे दुसरे पर्व सुरू असताना मी ती पाहू लागलो. पहिले पर्व अवघे सहा भागांचे असल्याने ते दोन रात्रींत संपले. पुढे धान्याच्या कोठारातून सोफिया बाहेर आली तो भाग पाहिल्यावर मी या मालिकेच्या पुरता अधीन झालो. सगळे जिला रानोमाळ शोधत होते ती मुलगी इतके दिवस त्याच शेतावरच्या कोठारात वॉकर होऊन पडून होती, हे पाहिल्यावर ही मालिका प्रेतांची नसून जिवंत राहिलेल्यांची आहे, हे मला कळले. पहिली सहा पर्वे मी दोनदा पाहिली आहेत आणि त्यांतले काही भाग तर कितीदा पाहिले याची गणती नाही.

मग ३ एप्रिल २०१६ उजाडला. सहाव्या पर्वाच्या शेवटी नीगन हा क्रूर टोळीप्रमुख आला, काटेरी तार गुंडाळलेली बॅट त्याने कोणाच्या तरी डोक्यावर उगारली आणि नेमके कोणाच्या, हे न दाखवता पडदा काळा झाला. उत्तरासाठी २३ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. आधी रिकच्या गटातला अब्राहम गेला. नंतर त्याच गटातल्या डॅरिलने संतापून नीगनला ठोसा मारला, आणि त्याची शिक्षा म्हणून ग्लेन गेला. पहिल्या पर्वात रणगाड्यात अडकलेल्या रिकला रेडिओवरून वाट दाखवणारा तो पोरगा. मी तो भाग शेवटपर्यंत पाहिला, पडदा बंद केला आणि पुढचा भाग आजतागायत पाहिलेला नाही.

मला रक्ताचे वावडे नाही, नाहीतर येथवर पोहोचलोच नसतो. मला राग आला तो खेळवले गेल्याचा. त्याच सहाव्या पर्वात ग्लेन कचराकुंडीवरून वॉकरांच्या गर्दीत पडल्याचे दाखवले होते, श्रेयनामावलीतून ग्लेनची भूमिका करणाऱ्या स्टीव्हन युन याचे नावही काढून टाकले होते, आणि काही भागांनी तो कुंडीखाली सरपटत जाऊन वाचल्याचे उघड केले होते. एकाच माणसाच्या मरणावरून प्रेक्षकाला दोनदा टांगणीला लावायचे आणि दुसऱ्या खेपेस त्याला खरोखरच मारायचे, हे मला पचले नाही.

आता मालिका पूर्ण झाली आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी अकरावे पर्व संपले, एकूण १७७ भाग झाले, आणि माझ्या हिशेबाने त्यांतले ९३ माझे पाहायचे राहिले आहेत, म्हणजे कमीत कमी सत्तर तास. रिक मध्येच मालिका सोडून जातो हे मला ठाऊक आहे. तरीही मी स्वतःला या मालिकेचा निस्सीम चाहताच समजतो, आणि तिचे शीर्षकसंगीत कुठे कानावर पडले तर हातातले काम थांबते. जे शेवटपर्यंत टिकले त्यांना माझे विचारणे एवढेच आहे, की तुम्ही प्रेमापोटी टिकलात की सवयीने? आणि ज्याला ग्लेनचे मरण पचलेले नाही त्याच्यासाठी पुढे काही आहे का?


गार्गी :

रातकिडा, मी १७७ भाग पाहिलेल्यांपैकी आहे, त्यामुळे माझे मत पक्षपाती समजूनच वाचावे.

सातवे आणि आठवे पर्व गोड मानून घ्या असे मी म्हणणार नाही. सातव्या पर्वात रिकची माणसे मान खाली घालून नीगनला धान्य, गाद्या, बंदुका असे जे मागेल ते देत राहतात, आणि ज्या प्रेक्षकाने सहा वर्षे त्यांना लढताना पाहिले आहे त्याला ती अवहेलना स्वतःची वाटू लागते. तशी ती वाटावी हाच हेतू होता, हे मान्य. पण सोळा भागांपैकी निदान सहा भाग त्यात वाया गेले आहेत. आठव्या पर्वातले युद्ध तर इतके लांबते, की कोण कोणावर कोठून गोळ्या झाडतो आहे याचा हिशेब मी सोडून दिला होता. त्या दोन वर्षांत मी सवयीने टिकले, हे कबूल करते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मात्र मी बराच विचार केला आहे. ग्लेनच्या मरणाची भरपाई त्या भागात नाही, त्यानंतरच्या युद्धातही नाही. युद्ध संपते तेव्हा रिक नीगनचा गळा चिरतो आणि लगेच त्याला वाचवतो, कारण त्याला मारायचे नाही, कोठडीत ठेवायचे असे त्याने ठरवलेले असते. ग्लेनची बायको मॅगी हिला हे मान्य नसते. नवव्या पर्वाच्या पाचव्या भागात, म्हणजे रिकच्या अखेरच्या भागात, ती नीगनला संपवण्यासाठी त्या कोठडीपर्यंत पोहोचते आणि तिला दिसतो एक खंगलेला माणूस, जो मला मारून टाक म्हणून तिच्या पाया पडतो आहे. तेव्हा ती त्याला जिवंत सोडते. त्याला हवे असलेले मरण त्याला नाकारणे हीच त्या घटकेला तिला जमणारी शिक्षा असते.

आणि तेथेही प्रकरण मिटत नाही. पुढे वर्षे जातात, नीगन कोठडीबाहेर येतो, लोकांच्या उपयोगी पडू लागतो, त्याने वाचवलेली माणसे त्याच्या बाजूने बोलू लागतात, आणि जिच्या डोळ्यांदेखत तिचा नवरा मारला गेला त्या मॅगीला त्याच माणसाबरोबर एका मोहिमेवर जावे लागते. अकराव्या पर्वाच्या अखेरच्या भागात त्या दोघांत जे बोलणे होते ते मी येथे उघड करत नाही. एवढेच सांगते, की त्यात कोणी कोणाच्या गळ्यात पडत नाही आणि सोपी क्षमाही नाही. ते बोलणे दोन तासांच्या चित्रपटात खोटे वाटले असते. येथे ते खरे वाटते, कारण ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०२२ अशी सहा वर्षे मॅगीबरोबर आम्हीही तो राग सांभाळलेला होता.

तुम्ही थांबलात तेव्हा फक्त घाव पाहिलात. त्याचा व्रण कसा होत गेला, ते त्या ९३ भागांत आहे.


तळटीप :

मूळ चित्रकथेचा वाचक म्हणून थोडी भर घालतो, कारण या चर्चेत दोष नेहमी चुकीच्या माणसाच्या माथी मारला जातो.

रॉबर्ट कर्कमन यांची ही कृष्णधवल चित्रकथा ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झाली. पहिल्या सहा अंकांची चित्रे टोनी मूर यांची आहेत आणि पुढची चार्ली अ‍ॅडलार्ड यांची. त्यात ग्लेन नीगनच्याच हातून, त्याच बॅटने मरतो, आणि तो अंक होता शंभरावा, २०१२ सालचा. म्हणजे ज्यांनी चित्रकथा वाचली होती त्यांना ही वेळ येणार हे चार वर्षे आधीपासून ठाऊक होते. तेथे नीगनचे येणे, त्याचे लांबलचक भाषण आणि तो वार हे सारे एकाच अंकात आहे. वाचकाला धक्का बसतो, परंतु त्याला कोणी सहा महिने टांगून ठेवत नाही. तेव्हा रातकिडा यांचा राग ग्लेनच्या मरणावर नसून मध्ये घातलेल्या त्या कापावर आहे, आणि तो कापावर असेल तर तो रास्त आहे. मरण कथेतले होते, काप दूरचित्रवाणीचा होता.

मालिका मूळ कथेची नक्कल आहे असेही समजू नये. डॅरिल डिक्सन हे पात्र चित्रकथेत मुळीच नाही, ते मालिकेसाठी निर्माण झाले. कॅरोल चित्रकथेत आहे, पण ती तुरुंगाच्या प्रकरणातच मरते आणि तिचे व्यक्तिमत्त्वही निराळे आहे. उलट अँड्रिया, जी मालिकेत तिसऱ्या पर्वाअखेर गेली, ती मूळ कथेत कितीतरी पुढपर्यंत जगते. म्हणजे मालिकेच्या चाहत्यांना सर्वांत जवळची वाटणारी दोन माणसे, नॉर्मन रीडसचा डॅरिल आणि मेलिसा मॅकब्राइडची कॅरोल, ही मालिकेची स्वतःची कमाई आहे. मला विचाराल तर पुढची पर्वे पाहण्याचे निम्मे कारण हेच आहे, कारण मूळ कथेचा नकाशा त्या दोघांना लागू पडत नाही आणि जुना वाचकही तेथे तुमच्याइतकाच अनभिज्ञ असतो.

सर्वांत मोठा बदल आठव्या पर्वात आहे. चित्रकथेत रिकचा मुलगा कार्ल शेवटपर्यंत जगतो, किंबहुना जुलै २०१९ मध्ये पुढच्या अंकांची खोटी मुखपृष्ठे जाहीर करून वाचकांना अंधारात ठेवत कर्कमन यांनी अचानक प्रसिद्ध केलेला १९३वा आणि अखेरचा अंक प्रौढ कार्लचाच आहे. मालिकेने त्याला मारले. त्या निर्णयाचे समर्थन मी करू शकत नाही, आणि त्याची किंमत पुढच्या कथेला मोजावी लागली असेच माझे मत आहे.

प्रेक्षकसंख्येचा दाखला येथे कोणीतरी देईलच म्हणून आधीच लिहून ठेवतो. पाचव्या पर्वाचा पहिला भाग अमेरिकेत प्रक्षेपणाच्या रात्री सुमारे १ कोटी ७३ लाख लोकांनी पाहिला, ज्या भागाला रातकिडा थांबले तो सुमारे १ कोटी ७० लाखांनी, आणि मालिकेचा अखेरचा भाग सुमारे २३ लाखांनी. आकडे बोलके आहेत, पण त्या सहा वर्षांत केबलवर ठरल्या वेळी मालिका पाहणारेच मुळात कमी होत गेले, त्यामुळे सगळे खापर त्या बॅटवर फोडता येणार नाही.


धूमकेतू :

मी उलट बाजू मांडतो. परत जाऊ नका.

मी कार्लच्या मरणानंतर, म्हणजे आठव्या पर्वाच्या मध्यावर सोडले, आणि सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. कार्लची भूमिका करणारा चँडलर रिग्ज हा मुलगा पहिल्या भागात जेमतेम अकरा वर्षांचा होता आणि गेला तेव्हा अठरा. आम्ही त्याला वाढताना पाहिले होते. वडिलांची मोठी टोपी त्याच्या डोक्यावर आधी कानांपर्यंत यायची, मग ती नीट बसू लागली. साऱ्या कथेत जग पुन्हा उभे करायचे ते याच्यासाठी, असे रिक सांगत आला आणि मालिकेने त्यालाच काढून टाकले. त्यानंतर हे सगळे कोणासाठी चालले आहे, हे मला कळेना.

परंतु माझा मुख्य मुद्दा रचनेचा आहे. रोग कशाने झाला हे या मालिकेने मुळातच सांगायचे टाळले, आणि ते मला आवडलेही. पहिल्या पर्वाअखेर डॉक्टर जेनर रिकच्या कानात जे कुजबुजतो ते दुसऱ्या पर्वाअखेर कळते, की चावा लागो न लागो, प्रत्येक जण आधीच बाधित आहे आणि मेला की उठणार आहे. विलक्षण कल्पना आहे, कारण तिच्यामुळे घरात कोणी झोपेत वारला तरी तो घरच्यांसाठी धोका ठरतो. पण या कल्पनेने कथेचा शेवटही काढून घेतला. औषधाचा शोध नाही, उगमाचा शोध नाही, मग उरते ते फक्त रहाटगाडगे: एक आसरा मिळतो, तेथे शांतता नांदते, शेजारी दुष्ट माणूस निघतो, आसरा जळतो, माणसे पांगतात, पुन्हा एक आसरा. शेत, तुरुंग, टर्मिनस, अलेक्झांड्रिया. नीगन हा या रहाटाचा सर्वांत मोठा पोहरा होता, एवढेच.

रातकिडा यांनी स्वतःला निस्सीम चाहते म्हटले आहे, ते मला खरे वाटते. पण निस्सीम चाहत्याने शेवटचा भाग पाहिलाच पाहिजे असे कोठे लिहिले आहे? मी आजही तिसऱ्या पर्वातला तो भाग पाहतो, ज्यात रिकला एकट्याने राहून वेडा झालेला मॉर्गन पुन्हा भेटतो आणि भिंतभर खडूने लिहिलेले असते. चौथ्या पर्वातला कॅरोल आणि दोन लहान मुलींचा फुलांचा भाग वर्षातून एकदा पाहतो आणि त्या दिवशी नीट जेवत नाही. १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाल्यामुळे त्या भागांना जो खरखरीत पोत आहे तोच मला पुरेसा आहे. मला ९३ भागांचे देणे नाही.


ओसरी :

धूमकेतू यांच्या रहाटगाडग्याशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नववे पर्व हाती घेतलेल्या अँजेला कँग यांनी तो रहाट निदान वेगळ्या विहिरीवर नेला. तोवर वॉकर हा केवळ उपद्रव झाला होता, पात्रे बोलता बोलता त्याच्या डोक्यात सुरा खुपसून पुढे जात असत. कँग यांनी चित्रकथेतली ती टोळी आणली जी वॉकरांची कातडी तोंडावर ओढून त्यांच्याच कळपातून चालते आणि कुजबुजत बोलते. धुक्यातल्या स्मशानात एक वॉकर वार चुकवतो आणि हातातला सुरा चालवतो, तो प्रसंग पाहताना मी पहिल्या पर्वानंतर प्रथमच खुर्चीत ताठ बसलो होतो. कोणता मेलेला खरोखर मेलेला आहे, हेच कळेनासे झाले.

अवांतर : ग्रेग निकोटेरो यांच्या रंगभूषेकडे क्रमाने लक्ष द्यावे. प्रेते आहेत, म्हणजे ती वर्षागणिक अधिक कुजणार, हा विचार त्यांनी सोडला नाही. पहिल्या पर्वातले वॉकर आजारी माणसांसारखे दिसतात, शेवटच्या पर्वांतले वाळक्या सालपटांसारखे. या मालिकेत जिवंत माणसे जशी म्हातारी होत गेली तशीच मेलेलीही, आणि मला वाटते गार्गी म्हणतात त्या सहा वर्षांचा हाही एक पुरावा आहे.


रातकिडा :

सर्वांचे आभार. तळटीप यांनी माझ्या रागाचे जे पृथक्करण केले ते मला इतकी वर्षे जमले नव्हते. राग मरणावर नाही, कापावर आहे, हे वाक्य मी दोनदा वाचले. आता सलग पाहणाऱ्याला तो काप उरलेलाच नाही, सहाव्या पर्वाचा शेवट आणि सातव्याची सुरुवात यांत त्याला काही सेकंदच थांबावे लागते, हेही त्यावरूनच लक्षात आले. म्हणजे मी ज्यासाठी रुसलो ती गोष्ट नव्या प्रेक्षकासाठी अस्तित्वातच नाही.

धूमकेतू, तुमचे म्हणणे मला पटते आणि तरीही मॅगी त्या कोठडीच्या दारात उभी आहे हे चित्र डोक्यातून जात नाही. गार्गी, सातव्या आणि आठव्या पर्वांतले काही भाग वगळता येतील का? आणि उपमालिकांचे काय करावे?


गार्गी :

वगळू नका असे म्हणेन, पण वेगाने पाहा. सातव्या पर्वाचा दुसरा भाग मात्र सावकाश पाहावा, कारण पहिल्या भागानंतर श्वास घ्यायला तो मुद्दामच तेथे ठेवला आहे. त्यात एझिकिएल नावाचा एक गृहस्थ स्वतःला राजा म्हणवून सिंहासनावर बसलेला भेटतो आणि त्याच्या शेजारी चक्क वाघीण असते. तुम्हाला ते हास्यास्पद वाटेल, कॅरोललाही वाटते, आणि तिची प्रतिक्रिया पाहण्यासाठी तरी तो भाग पाहा. आठव्या भागापर्यंत धीर धरा, तेथे रिकची मान वर होते. आठव्या पर्वाच्या नवव्या भागाला रुमाल जवळ ठेवा आणि धूमकेतू यांना मनात दोष देऊ नका.

दहाव्या पर्वाचा अखेरचा भाग नीगनच्या पूर्वायुष्याचा आहे. त्या बॅटला त्याने ज्या बायकोचे नाव दिले तिची ती कथा, आणि तिची भूमिका नीगन साकारणाऱ्या जेफ्री डीन मॉर्गन यांच्या खऱ्या पत्नीने, हिलरी बर्टन यांनी केली आहे. उत्सुकतेपोटी तो आधी पाहू नका. तुम्हाला नीगनचा मनापासून तिटकारा असताना, पण त्याची सवयही झालेली असताना तो भाग समोर यावा, अशीच त्याची जागा आहे.

उपमालिकांची घाई नको. ‘फिअर द वॉकिंग डेड’ आठ पर्वांची आहे आणि ती न पाहिल्याने मुख्य कथेत काही अडत नाही. मुख्य मालिका संपल्यावर रिक आणि त्याची जोडीदार मिशोन यांची २०२४ मधली सहा भागांची ‘द वन्स हू लिव्ह’ पाहा, कारण रिकचे जाणे जेथे अर्धवट राहिले ते तेथे पूर्ण होते. आणि ग्लेनचे दुःख अजूनही शिल्लक असेल तर ‘डेड सिटी’ आहे, ज्यात मॅगीच्या मुलाला कोणीतरी पळवून नेतो आणि त्याच्या शोधासाठी तिला मदत मागावी लागते ती नेमकी नीगनकडे.


धूमकेतू :

रुमालाबद्दल दोष दिला तरी चालेल. ‘डेड सिटी’चा मजकूर वाचून एकदा चाळून पाहावी असे वाटले, हे मात्र येथे नोंदवून ठेवतो आणि त्यावरून कोणी मला डिवचू नये.


रातकिडा :

आठवडाभराने लिहितो आहे. पहिला भाग पुन्हा पाहिला नाही, तेवढे बळ नव्हते. दुसरा पाहिला. वाघीण दिसल्यावर कॅरोलच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते पाहून मी मोठ्याने हसलो.

काल तिसरा पाहिला. डॅरिलला अंधाऱ्या कोठडीत उघडे डांबले आहे, एकच उल्हसित गाणे पुन्हा पुन्हा वाजवून त्याला झोपू दिले जात नाही, आणि तो काही केल्या मोडत नाही. मग त्याला ग्लेनच्या प्रेताचे छायाचित्र दाखवले जाते आणि तो एकटाच हुंदके देऊन रडतो. ठोसा त्याने मारला होता, हे मी विसरून गेलो होतो असे नाही, वर मीच ते लिहिले आहे. पण त्या ठोशानंतर डॅरिलचे काय झाले असेल, हा विचार इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आला नव्हता. मी स्वतःच्या रागात त्याला त्या कोठडीत ठेवून निघून गेलो होतो.

चौथा भाग नेहमीपेक्षा लांब दिसतो आहे, तेव्हा तो सुट्टीच्या दिवशी पाहीन.